बिनपाळीचा महिना

आमच्या सणसरला कालव्याचं पाणी पाळीनं येतं. आज ह्याची पाळी, उद्या त्याची. त्यावरनं डोकी फुटत्यात, पण पाळी कुणी मोडत न्हाय. आता पाण्याला पाळी लावली ते मी समजू शकते. बापाला पाळी लावणाऱ्यांना काय म्हणावं? आमच्या आळीत ती लावली, आन् चांगले पंच बसवून, चहा पिऊन लावली.

धोंडीबा आबा आमच्या समोरचे. अंगण सगळ्यांचं एकच. उगवतीला थोरला जोतीराम, मावळतीला धाकटा महिपती, मधी आबांची पडवी, आन् ह्या सगळ्यांच्या तोंडासमोर माझा उंबरा. लोक म्हणत्यात, कुशाबाईला दुसऱ्याच्या घरात बघायची खोड हाय. अरे, दार उघडलं की तुमचंच घर म्होरं येतं, मी काय डोळे मिटून भाकरी थापू?

बनाबाई, म्हंजी आबांची बायको, गेली आन् वरसाच्या आत वाटणी झाली. ऊस, विहीर, बैल, सगळं नीट दोन ठिकाणी झालं. उरले आबा. त्यांचे दोन तुकडे करता येईनात, म्हणून पंचांनी महिने वाटले. चैत्र जोतीरामाकडं, वैशाख महिपतीकडं, ज्येष्ठ पुन्हा जोतीरामाकडं, असं फाल्गुनापर्यंत. अमावस्या झाली की एका घरचं ताट बंद, दुसऱ्या घरचं सुरू. आबांनी स्वतःसाठी पडवी आन् एक शेळी ठेवून घेतली. पंचांनी इचारलं, "आबा, कबूल?" आबा म्हणाले, "मला काय, पोटापुरतं मिळालं की झालं." बनाबाई असती तर पंचांच्या अंगावर तांब्या फेकला असता तिनं.

एक्क्याण्णव सालची गोष्ट सांगते. पाडवा झाला आन् इंदापूरच्या हपिसातनं एक तरणे साहेब आले, संघपाल नावाचे. संगं एक पेटी. आतनं काळी कुळकुळीत, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा, पेटीत चार काळे डबे. म्हणाले, "ही सूर्यचूल. दहा वाजता तांदूळ-डाळ, पाणी घालून उन्हात ठेवायची. आरशातलं ऊन आत पडलं पायजे. मधनंमधनं पेटी उन्हाकडं फिरवायची. बाराएकला भात तयार. लाकूड न्हाय, राकेल न्हाय, धूर न्हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीबी हसले. पण घरी येऊन उसाच्या पाचटावर भाकरी टाकाय बसले आन् डोळ्यांतनं जे पाणी चालू झालं, तवा हसू गेलं. पाचट कसं जळतं तुमाला ठावं हाय का? भकदिशी पेटतं, भकदिशी इझतं, आन् सगळा धूर आपल्या डोळ्यांत. वीस वरसं मी त्या धुराकडं बघून रडत हाय, माणसांकडं बघून तेवढी रडले न्हाय.

पेटी महाग होती, पण साहेबांनी सांगितलं की गावात दहा घरांनी मिळून घेतली तर सरकार सूट देतं. बऱ्यापैकी सूट होती. अट येकच. दोन-तीन महिन्यांनी साहेब बघायला येणार, दहाच्या दहा पेट्या वापरात दिसल्या पायजेत. मधीच कुणी पेटी मागं दिली तर गट मोडला, सूट सगळ्यांचीच गेली.

मी पदर खोचला आन् आळीभर फिरले. नऊ जणी जमवल्या. दहावी काय मिळेना. जोतीरामाची सारजा म्हणाली, "बानूबाई घेती का बघा आधी." महिपतीची बानूबाई म्हणाली, "सारजावैनी न्हाय घेत तर मी कशाला पुढं होऊ?" दोघी जावा तशा वाईट न्हवत्या, पण एकीनं शिंकलं तरी दुसरी इचार करायची की आपण शिंकावं का. मी वैतागून अंगणात उभी राहिले आन् म्हणाले, "एका घरापायी नऊ जणींची सूट जाती, बघा."

पडवीतनं आबांनी इचारलं, "बाईमाणूसच पायजे का गं त्याला?"

"कशाला?"

"पेटी घ्यायला."

मला वाटलं थट्टा करत्यात. पण आबांनी शेळीचं एक करडू बाजाराला धाडलं आन् दहावी पेटी घेतली. आळीला वाटलं, म्हाताऱ्यानं सुनेसाठी घेतली. सारजाला वाटलं आपल्यासाठी, बानूला वाटलं आपल्यासाठी. आबांनी ती पडवीत ठेवली, त्यावर गोधडीची घडी घातली, आन् चैत्रभर जोतीरामाच्या घरचं ताट जेवत राहिले.

मंग आला धोंड्याचा महिना.

तीन वरसांत एकदा एक महिना जास्तीचा येतो. त्या साली वैशाख दोन आले. आधी अधिकाचा वैशाख, त्याच्यामागनं खरा. आमच्याकडं अधिकात जावयाला जेवायला बोलावत्यात, पुरणाचे धोंडे करत्यात, कपडे करत्यात. जावई म्हंजी त्या महिन्यात देवच. पण बापाचं काय? पंचांनी वाटणी करताना बारा महिने वाटले होते. तेरावा कुणाच्या डोक्यातच आला न्हवता.

अमावस्या झाली. दुसऱ्या दिवशी सारजानं ताट धाडलं न्हाय, कारण तिचा चैत्र संपला. बानूनं धाडलं न्हाय, कारण तिला वाटलं आपला वैशाख खरा, तो अजून लांब हाय. दोघींना वाटलं दुसरीनं धाडलं असंल. आबा तांब्या भरून घेऊन पडवीत बसलेले. दुपार झाली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणत्यात ते खोटं न्हाय.

मी भाकरी आन् कोरड्यास घेऊन गेले. आबांनी ताटावर हात आडवा धरला. "नगं कुशा. तू दिलंस तर दोघांच्या तोंडाला काळं लागंल." आन् शेळीच्या दुधात फुटाणे भिजवून खाल्ले. मला असला राग आला म्हणता. पोरांचा आला, आबांचाबी आला.

सांजच्याला मी सरळ अंगणात उभी राहून दोघा भावांना हाक मारली. झालं. जुंपली.

जोतीराम म्हणाला, "वैशाख तुझा. एक आला काय आन् दोन आले काय."

महिपती म्हणाला, "पंचांनी एक दिला मला. अधिकाचा कुणाचाच न्हाय."

"मंग आबा काय हवा खात्यात का?"

"तूच दे की, थोरला हाईस."

थोरला म्हणाल्यावर जोतीरामाचं टाळकं सरकलं. विहिरीच्या पाण्याच्या वाटणीत धाकट्याला अर्धा दिवस जास्त गेला होता, ते त्याच्या पोटात अजून होतं. तो म्हणाला, "माझ्या घरनं ह्या महिन्यात एक ताट जरी बाहेर गेलं तरी मी त्या घरात जेवणार न्हाय." लगोलग महिपतीनंबी तसंच म्हटलं. बगा आता. दोघांच्या घरी कणग्या भरलेल्या, बाप काय बकासुर न्हवता, पण अन्नाचा सवालच न्हवता तो. पाण्याची जास्तीची पाळी असती तर दोघांनी रात्रभर कालव्यावर झोपून ती ओढली असती. बापाची जास्तीची पाळी कुणाला नगं.

मी म्हणाले, "पंधरा-पंधरा दिवस करा." दोघं माझ्याकडं असं बघाय लागले जसं काय मीच भांडण लावलं.

आबा इतका वेळ पडवीत बसून होते. ते उठले, गोधडी उचलून बाजूला ठेवली, पेटी ओढत अंगणाच्या मधोमध आणली आन् म्हणाले, "कुणाचा न्हाय म्हणता नव्हं? मंग ह्यो महिना माझा."

सूर्य बुडाला होता. पेटीला काय ऊन मिळणार? पण आबांनी ती तिथंच ठेवली, आन् आत जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात. "कुशा, मूठभर तांदळाला पाणी किती?" सत्तरीचा माणूस. उसाच्या एका कांडीवरनं सांगायचा की रान कुणाचं. पण त्याला भाताला पाणी किती ते ठावं न्हवतं. मी बोटाच्या पेरानं दाखवलं. आबांनी चूलच कवा बघितली न्हवती, ताट म्होरं आल्यावर जेवायचं एवढंच काम. पहिल्या दिवशी त्यांनी झाकण इतक्यांदा उघडून बघितलं की दुपारी तांदूळ तसाच, दातांत कचकच वाजणारा. मी म्हणाले, "आबा, ऊब निघून जाती. अंड्यावरची कोंबडी घडीघडीला उठवली तर पिलं निघत्यात का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकणाला हात लावला न्हाय, नुसते राखण करत बसले. ऊन सरकलं की पेटी सरकवायचे. भात झाला. जरा गिच्च झाला, पण झाला. आबांनी मला डबा उघडून दाखवला. वाफ वर आली तवा त्यांचं तोंड असं काय फुललं, मला बनाबाईची आठवण आली आन् रडू आलं.

मंग काय, शेळीचं दूध विकून दुकानातनं आणायचं आन् रोज नवं. डाळ. बटाटे. शेंगदाणे भाजले त्यांनी त्यात. एकदा वांगी घातली, फोडणीबिगर, आन् मला चव बघायला लावली. फार काय चांगली न्हवती. मी चांगली म्हणाले.

आता खरी गोम हितं हाय. आबांनी पडवीच्या कोपऱ्यात चूल मांडली असती तर चिटपाखराला कळलं नसतं. पण ही पेटी उन्हातच लागती. अंगणाच्या मधोमध, गिरणीच्या वाटेवर. दळण घेऊन जाणारी बाई थांबायची, ऊस तोडून येणारा गडी थांबायचा. "दोन पोरं, दोन सुना, आन् म्हातारा उन्हात भात शिजवतो." माझी भाकरी आबांनी नाकारली ती पोरांच्या अब्रूपायी, आन् ह्या पेटीनं ती अब्रू रोज दहा वाजता आरसा लावून गावाला दाखवली. आबांच्या ते ध्यानातच आलं न्हाय. ते आपले कुणी थांबलं की कौतुकानं झाकण दाखवायचे.

बोलणी मात्र कुणाला बसली? सुनांना. जोतीराम-महिपतीला कुणी काय म्हटलं न्हाय. पाणवठ्यावर सारजाला बायकांनी इचारलं, "काय गं, हातातनं ताट जड झालं का?" सारजा रडत घरी आली. तिनं नवऱ्याची शपथ मोडून ताट धाडावं तर तो उपाशी राहणार, न धाडावं तर जग शेण घालणार. एकदा भर दुपारी आबा डुलक्या घेत होते आन् पेटीवर पिंपळाची सावली सरकत आली होती. सारजा घरातनं हळूच आली, पेटी उन्हाकडं फिरवली, आन् कुणी बघितलं का म्हणून चहूकडं बघत आत गेली. मी बघितलं. मी काय बोलले न्हाय. मलाबी कधीमधी गप बसता येतं.

महिना अर्धा झाल्यावर जोतीराम चिडला. "ही पेटी इंदापूरला नेऊन टाकतो," म्हणाला. मी आन् आळीतल्या आठ जणी, आमी सगळ्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. "गट मोडला तर आमची सूट जाईल. भरून देशील का तू?" खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आबांसाठी भांडले तशी माझ्या पैशासाठीबी भांडले, त्यात काय लाजायचं? सरकारनं लावलेली अट आबांच्या पाठीशी उभी राहिली एवढं खरं. जोतीरामानं पेटीचा नाद सोडला. पुढं खऱ्या वैशाखात साहेब येऊन बघून गेले आन् दहाही जणांना सूट मिळाली. ते आत्ताच सांगून टाकते, न्हायतर तुमी तेच इचारत बसाल.

तर, महिना संपत आला तवा जोतीरामानं धोंड्याचं जेवण काढलं. त्याची लेक सुप्रिया वालचंदनगरला दिलेली. जावई राजवर्धन कंपनीत कामाला, क्वार्टरमधी राहायचे. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. पुरण, धोंडे, कपडे, चांदीची वाटी, सगळी तयारी. बानूलाबी बोलावलं, भाऊबंदकी घरात ठेवून जावयापुढं सगळे एक.

आबांना कुणी बोलावलं का? तेच. कसं बोलावणार? ताट द्यायचं न्हाय ही शपथ. जोतीराम मनात म्हणत असंल, जावई आल्यावर बघू.

आदल्या सांजेला आबा माझ्याकडं आले. "कुशा, नातजावयाला गोड करायचंय. गूळभात जमंल का पेटीत?"

मी म्हणाले, "जमंल. पण आबा, तांदूळ पुरता शिजल्याबिगर गूळ घालू नका. आधी घातला की तांदूळ कणी धरतो, मंग बाराच्या जागी चार वाजले तरी शिजत न्हाय."

"ध्यानात ठेवतो," म्हणाले. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून त्यांनी मोठ्या दोन डब्यांत तांदूळ घातला. एकट्याच्या पोटाला लागतो त्याच्या कितीतरी जास्त. पेटी उन्हात लावली. गुळाचा खडा उपरण्याच्या टोकाला बांधला आन् शेळीला पाला आणायला वढ्याकडं गेले.

ते दिसंनासे झाले आन् जोतीराम घरातनं बाहेर आला. इकडंतिकडं बघितलं. पेटी उचलली, गोठ्यात नेली, वर पोतं टाकलं. जावयानं अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हाताऱ्याची पेटी दिसायला नगं, एवढंच त्याच्या डोक्यात. मी उंबऱ्यातनं उठले, तोंड उघडणार, तेवढ्यात फटफटी वाजली. जावई आले. मी तोंड मिटलं. लेकीबाळीच्या सासरच्या माणसापुढं तमाशा करायचा न्हाय, ही माझीबी रीत हाय. पण आतनं जळत होते.

आबा पाला घेऊन आले. अंगणात मोकळी जागा बघितली. गोठ्याकडं बघितलं. पाला शेळीपुढं टाकला आन् पडवीच्या कडेला बसून राहिले. उपरण्यातला गुळाचा खडा नुस्ता हातानं चाचपत होते. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. उन्हातला अर्धा दिवस गेला, आन् त्यांचा तांदूळ सावलीत.

सुप्रिया आईला भेटून पडवीत आली, आबांच्या पाया पडली. तिच्या मागं जावई. पाया पडून उठले आन् म्हणाले, "आबा, तुमी सूर्यचूल घेतली असं ऐकलं. आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर हाय तसली. मला बघायची हाय, मलाबी घ्यायची हाय. कुठं ठेवली?"

घ्या. ज्याच्यापासनं लपवली तोच बघायला आला.

जोतीराम दारात उभा होता, त्याचं तोंड शेंदरागत लाल. म्हणाला, "ती... गोठ्यात हाय. ऊन फार होतं म्हणून."

"सूर्यचूल, आन् ऊन फार होतं?" जावई हसले. साधा माणूस, टोमणा मारायचा न्हवता त्यांना. "कोण करतं तिच्यात सैपाक?"

महिपती जमिनीकडं बघाय लागला. बानू तुळशीकडं. जोतीराम म्हणाला, "सारजा करती."

जावयांनी आबांकडं बघितलं. आन् आबांनी काय करावं? मान हलवली. "व्हय. सून करती. मी आपला राखण बसतो, कोंबड्या हाकलायला."

हसून म्हणाले ते. लेकाची लाज झाकायला त्यांनी महिनाभराचा आपला भात, आपली डाळ, ती फोडणीबिगरची वांगीसुद्धा देऊन टाकली. मी पुढं होऊन बोलणारच होते, पण माझ्या आधी सारजा बोलली.

पुरणाचा हात तसाच, पदर कमरेला. म्हणाली, "न्हाय जावईबापू. मी न्हाय करत. मामंजी करत्यात."

जोतीराम म्हणाला, "सारजा."

"सांगू द्या. महिनाभर लोकांनी मलाच सांगितलंय, आज मी सांगते." ती थांबली न्हाय. "अधिकाचा महिना कुणाचा, ह्याच्यावरनं दोघा भावांचं भांडण झालं. दोन्ही घरनं ताट बंद. मामंजी महिनाभर हातानं करून खात्यात. आज तुमच्यासाठी त्यांनी भात टाकला होता. तो गोठ्यात नेऊन ठेवलाय. कच्चा असंल अजून."

सासूनं जावयापुढं असं बोलायचं म्हंजी काय, हे ज्याला लेक हाय त्यालाच कळंल. लेकीच्या सासरी ही गोष्ट आयुष्यभर निघणार. सारजाला ते कळत होतं. तरी तिनं पुढचं म्हटलं, "जावईबापू, पुरण तयार हाय, धोंडे तयार हायेत. पण पानं मांडायची न्हाईत. मामंजींचा भात शिजंस्तवर तुमाला थांबावं लागंल. भूक लागली असंल तर माफी करा."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला उपाशी ठेवणारी सासू मी उभ्या जन्मात तेवढी एकच बघितली.

जावयांनी पायातले बूट काढले, गोठ्यात गेले, पोतं बाजूला केलं आन् पेटी एका बाजूनं धरली. दुसरी बाजू धरायला कोण येतं म्हणून उभे राहिले. महिपती निघाला होता. पण जोतीराम त्याच्या आधी गेला. खाली मान घालून गेला. दोघांनी पेटी अंगणाच्या मधोमध आणली. आबा उठले, आरसा नीट लावला.

मंग आमी सगळे बसलो. वैशाखाचं ऊन, पत्र्याच्या सावलीत माणसं दाटीवाटीनं, घरातनं वेलदोड्याचा वास येतोय, आन् सगळ्यांचे डोळे त्या पेटीकडं. मंग जावयांनी आबांना इचारलं, डाळीला किती वेळ लागतो. आबा सांगाय लागले. वांग्याचं सांगितलं. पहिल्या दिवशीचा कच्चा तांदूळ सांगितला, माझी कोंबडी सांगितली. बानू हसली. महिपतीनं इचारलं, "आबा, बटाटा सालीसकट घालता?" बाप महिनाभर त्याच्या दारात शिजवत होता, आन् त्यानं ते त्या दिवशी इचारलं. सावली सरकली तवा जोतीराम न सांगता उठला आन् पेटी फिरवून आला.

ऊन कलाय लागलं तवा आबांनी झाकण उघडलं. शीत बोटावर घेऊन दाबलं. मंग उपरण्याची गाठ सोडली. गूळ घातला, झाकण लावलं, अजून थोडं थांबायला लावलं. माझं ऐकलं होतं त्यांनी.

पानं मांडली. सारजा पुरण घेऊन वाढाय निघाली तर आबा म्हणाले, "आधी माझं." आन् डबा घेऊन पंगतीतनं निघाले. सत्तरीचा माणूस, कमरेत वाकून वाढत होता. जावयाला पहिला घास. सुप्रियाला. महिपतीला. पोराबाळांना. मला. सारजा आन् बानू दाराशी उभ्या होत्या, त्यांना म्हणाले, "तुमीबी बसा, आज उभं राहायचं न्हाय." सासऱ्यापुढं पानावर बसायला दोघींना कसनुसं झालं, पण बसल्या. आबांनी त्यांच्या पानात वाढलं.

शेवटी जोतीराम. त्यानं पानावर हात धरला न्हाय, मान वर केली न्हाय. आबांनी डबा खरवडून खरवडून त्याला वाढलं. त्यानं खाल्लं. खाताखाता त्याच्या डोळ्यांतनं पाणी पानात पडत होतं, आन् कुणीच तिकडं बघितलं न्हाय. मी बघितलं.

"आबा, आजून हाय का?" त्यानं इचारलं.

आबांनी डबा उपडा करून दाखवला. त्यात एक शीत न्हवतं. स्वतःसाठी ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं न्हवतं.

सारजा उठली. चांगलं मोठं ताट, त्यात दोन धोंडे, वर तुपाची धार, आबांच्या म्होरं ठेवलं. "मामंजी, आता तुमी बसा. महिना कुणाचा ते मला सांगू नका."

आबा बसले, पण हात लावंनात. सगळ्यांच्या पानांकडं बघत राहिले. मला वाटलं, राग असंल अजून मनात. मी म्हणाले, "जेवा की आबा. काय बघताय?"

"बघू दे गं जरा," आबा म्हणाले. "बनाबाई रोज आमाला वाढून अशी बघत बसायची. मी म्हणायचो, तुझं गार होतंय, जेव की. मला काय ठावं, तिचं पोट बघूनच भरत होतं."